काऊ घास शिवेना

बाळांची वाढ तपासायचं काम आमच्या तालुक्यात चैत्रापासून कावळ्यांकडे दिलंय, आणि अंगणवाडीची ताई म्हणून सांगते, एवढं नेटकं काम मी आजवर पाहिलेलं नाही.

आधी आम्ही वर्षातून दोनदा सगळ्या पोरांना अंगणवाडीत बोलवायचो. निम्मी पेंगलेली, निम्मी भोकाड पसरलेली. परका माणूस खुळखुळा वाजवायचा, पोर आईच्या पदरात तोंड खुपसायचं, की 'ठीक' असं लिहून गाडी पुढच्या गावाला. कावळ्याला मात्र घराघरातून रोजचं बोलावणं असतंच. 'हा घास काऊचा' म्हटलं की तो कठड्यावर हजर. आई बोट दाखवते तिकडे बाळ बघतं का, स्वतः बोट दाखवतं का, आवाजाला वळतं का, हे सगळं जेवता जेवता बघून होतं. चिमण्यांनाही विचारलं होतं, पण त्या पुरेशा मिळाल्या नाहीत. पितृपक्षात कावळे आपल्या मूळ खात्यात परत जातात. तेवढे दिवस आम्ही सांभाळून घेतो.

ग्रामसभेत कुणीतरी म्हणालंच, "एकाच डोळ्यानं बघणाऱ्याला तपासणीला ठेवता होय?"

"दोन डोळेवाल्यांनी काय दिवे लावले?" मी विचारलं. ठराव मंजूर झाला.

गोदाक्कांचा नातू विराज दीड वर्षाचा. त्याची आई स्नेहल त्याला ओटीवर भरवत होती, मीही तिथेच होते. कावळा समोरून ओरडला. मग विराजच्या पाठीमागे जाऊन ओरडला. मग त्यानं डब्याचं झाकण चोचीनं फरशीवर ढकललं. मी दचकले. विराज मुठीत भात कुस्करत राहिला.

कावळा घासापाशी आला आणि नुसता बसला. घास शिवेना.

"याचा बापही तीन वर्षं बोलला नव्हता," गोदाक्का म्हणाल्या. "आता वकिली करतो. गप्प बसवून दाखवा त्याला."

"वडिलांची तपासणी माझ्याकडे नव्हती," कावळा म्हणाला.

"मग काय म्हणणं आहे तुमचं?" मी विचारलं.

"तालुक्याला कान तपासून घ्या. काय आहे ते डॉक्टर सांगतील. माझं काम बघण्याचं आहे."

स्नेहल खाली मान घालून बसली होती. महिनाभर ती पोराच्या मागे उभी राहून ताटल्या वाजवत होती, हे शेजारी राहून मला कळत होतं. घरात बोलायची तिला चोरी.

गोदाक्कांनी दहीभात आणला, भजी आणली. कावळा ढिम्म. शेजारपाजारचे जमले आणि दहाव्याला म्हणतात तसं म्हणू लागले, "आक्का, काय राहिलंय ते कबूल करून टाका."

"आमच्या यजमानांच्या वेळीही असाच ताटकळत ठेवलान," आक्का म्हणाल्या. "धाकटीला शिकवीन म्हटलं, तेव्हा शिवला. शिकवली मी तिला." मग त्यांनी विराजला जवळ ओढलं. "कानाला मशीन लागलं की पोराला जन्मभर बहिरा म्हणतील हो."

"ऐकू आलं तरच म्हणतील ते कळेल त्याला," स्नेहल म्हणाली. सासूसमोर एवढं बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

गोदाक्कांनी कावळ्यापुढे हात जोडले. "नेते रे बाबा. सोमवारीच नेते. कुणी काही म्हणो."

कावळ्यानं घास उचलला आणि पुढच्या घरी गेला. तिथलं जेवण खोळंबलं होतं.

आक्कांनी शब्द पाळला. तपासणी झाली, मशीनं आली. ती पहिल्यांदा लावली त्या दिवशी आम्ही सगळ्या पुन्हा ओटीवर बसलो. स्नेहल म्हणाली, "हा घास काऊचा." कावळा विराजच्या मागच्या कठड्यावर बसला होता. ओरडला, नेहमीपेक्षा जरा हळूच.

विराजची मूठ थांबली. तो मागे वळला आणि त्यानं कावळ्याकडे बोट केलं. स्नेहल रडायला लागली. मीही रडले, त्यात काय लपवायचं?

कावळा मात्र घासाला शिवेना.

"आता रे काय राहिलं?" गोदाक्कांनी विचारलं.

"काही नाही," कावळा म्हणाला. "नियमात बसत असेल तर आणखी एकदा ओरडतो."

"ओरड बाबा," आक्का म्हणाल्या.