गोठ्याच्या भिंतीवरची गोष्ट

नातवंडांनो, आमचे धोंडू मास्तर पुस्तक भिंतींवर लिहीत. विंझरच्या शाळेत मुलं पुष्कळ आणि वाचनाचं पुस्तक एकच. म्हणून मास्तरांनी लाल कावेनं ते गावभर उतरवलं होतं. पहिला धडा देवळामागं, दुसरा चावडीवर, आणि तिसऱ्यासाठी अख्खा वर्ग म्हशीच्या गोठ्याशी जाई. म्हैस आडवी आली की मधल्या ओळी पाठ म्हणायच्या.

लग्न होऊन मी त्या गावी गेले आणि गोठ्यासमोर थिजलेच. भिंतीवरची गोष्ट माझ्या सख्ख्या मामांची होती! खाली मामांचं नाव, आणि त्याखाली ठळक अक्षरांत, 'सर्व हक्क लेखकाच्या स्वाधीन. परवानगीशिवाय उतरवून घेऊ नये.'

"अहो मास्तर, हे कशाला लिहिलंत?"

"पुस्तकात हाय की, वैनी. आपुन काय गाळायचं न्हाई."

हे त्यांचं पालुपद. हजेरी घेताना गाव सोडून गेलेल्या मुलाचंही नाव पुकारत आणि उत्तरासाठी थांबत.

मी मामांना ही गंमत कळवली. मामा पुण्याहून तडक आले, तेही लालबुंद होऊन.

"ही चोरी आहे! शाळाखात्यात तक्रार करतो. मास्तरकी घालवतो तुमची!"

मास्तरांचा चेहरा उतरला. "घालवा, सायेब. पर ऊन लई हाय. आदी घरी पानी घ्या."

मीही सोबत गेले. घरात शिरताच मामा थबकले. आतली भिंतही लिहिलेली, पण अगदी खाली, अंथरुणाच्या उंचीवर. अंथरुणावर मास्तरांच्या पत्नी. वर्षानुवर्षं खिळलेल्या. शाळा त्यांनी कधी पाहिली नव्हती; वाचायला शिकल्या त्या याच भिंतीवर. मामा वाकून आपलीच गोष्ट वाचू लागले.

"शेवटच्या ओळी कुठं आहेत? इथं बऱ्या गाळल्यात!"

मास्तरांनी त्यांना दाराशी नेलं आणि आवाज हळू केला. "शेवट रोज उद्यावर ठेवतो, सायेब. मग ती उद्याची वाट बगती."



"कोन आलंय वो?" आतून बाईंनी विचारलं.

"ही गोष्ट लिवनारं सायेब."

बाईंनी पडल्या पडल्या पदर सावरला. "मंग तुमीच सांगा की दादा, त्या पोरीची शेळी घावली का न्हाई?"

मामांनी मास्तरांकडे पाहिलं. मग हातातला पाण्याचा तांब्या हळूच खाली ठेवला.

"ते उद्या मास्तर लिहितील, ताई."