मानवेल ती ड्युटी

माणूस आणि इतर प्राणी यांच्यातला मुख्य फरक असा की, माणसाला आपल्या कामाची वेळ निवडता येते. बैल कधी जुंपायचा हे मालक ठरवतो, घुबडाचं निसर्गानं परस्पर ठरवून टाकलेलं आहे आणि मुंगीसाठी तर सुट्टीची तरतूदच नाही. माणूस मात्र घरच्यांशी चर्चा करून, आपल्या प्रकृतीला मानवेल अशी वेळ निवडतो. या सत्याला रीतसर मान्यता दिली ती कराडच्या एका खासगी रुग्णालयानं. (नाव सांगत नाही. त्यांच्याकडं माझी फाईल आहे आणि ती मूळव्याधीची आहे.)

रुग्णालयानं आपल्या नर्सिंग असिस्टंट मंडळींसाठी 'मानवेल ती ड्युटी' ही योजना काढली. असिस्टंट म्हणजे कोण हे निरोगी वाचकांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. डॉक्टर पेशंटला तपासतात, सिस्टर औषध देतात आणि असिस्टंट पेशंटला उचलतात. कुशीवर वळवणं, अंग पुसणं, चादर बदलणं, बेडपॅन देणं आणि घेणं (कौशल्य घेण्यात आहे), हे सगळं त्यांच्याकडं असतं.

योजनेचं माहितीपत्रक मी वाचलं आहे. सकाळची ड्युटी ज्यांना शिस्त आवडते त्यांना मानवते, कारण डॉक्टरांचा राऊंड सकाळी असतो आणि चादरीला एकही सुरकुती चालत नाही. (सुरकुती पेशंटला टोचते म्हणून नव्हे, साहेबांना दिसते म्हणून.) रात्रीची ड्युटी चिंतनशील स्वभावाला मानवते. दुपारची ड्युटी मिळून-मिसळून वागणाऱ्यांना मानवते, असं त्यात म्हटलं आहे, पण त्याला थोडी स्थानिक पुरवणी जोडावी लागेल. आपल्या भागात पेशंट एकटा ॲडमिट होत नाही. त्याच्या मागोमाग वडापच्या, म्हणजे सीटवर माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपनं भावकी येते. पास दोघांचाच असतो, पण तोच पास खिडकीतून खाली टाकून सगळं गाव वर येतं. प्रत्येकजण शहाळं नाहीतर बिस्किटपुडा ठेवतो, डोळा लागलेल्या पेशंटला हलवून जागं करतो आणि मायेनं विचारतो, "झोप लागती का?" हा प्रश्न विचारल्याशिवाय भेट दिली असं धरत नाहीत. आपली ही रीत मला फार प्रिय आहे.

आता संयोगिताविषयी. ही आमच्या गावची सून, गाव कडेगावच्या अलीकडं. या रुग्णालयात असिस्टंट आहे. तिला योजनेप्रमाणं प्रांजल मॅडमनी केबिनमध्ये बोलावून घेतलं. मॅडम मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख आहेत आणि प्रत्येकाशी हसून बोलतात.

"तुम्हाला कुठली ड्युटी मानवेल, अगदी मोकळेपणानं सांगा."

"मॅडम, कुठलीबी द्या. घरी गेल्यावर सलग झोपायला मिळंल अशी द्या," संयोगिता म्हणाली. "लय दिवस झालं, सलग न्हाई झोपले."

मॅडमनी सहानुभूतीनं मान हलवली. योजनेत सकाळ, दुपार आणि रात्र असे तीन पर्याय होते. झोप हा पर्याय नव्हता. त्यांनी संयोगिताच्या नावापुढं 'निर्णय झालेला नाही' असा शेरा मारला आणि घरच्यांशी बोलून यायला सांगितलं. रुग्णालय कुटुंबव्यवस्था मानतं.

त्या रविवारी घरी बैठक झाली. सासूबाई लीलाबाई, नवरा शिवतेज आणि चुलतसासरे लालासाहेब, म्हणजे फौजेतून सुभेदार होऊन आलेले. मी शेजारचा म्हणून चहाला होतो. संयोगिताही होती, चहा तीच करत होती.

शिवतेजनं विषय पद्धतशीर मांडला. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. "रातची लाईट असली की मी रात्रभर उसाला पाणी पाजणार आन् दिवसा झोपणार. मग दिवसा जनावरांकडं बघाय घरात माणूस पायजे. म्हंजे हिची नाईट." सगळ्यांनी माना डोलावल्या. "दिवसाची लाईट असली की मी दिवसभर रानात. तवाबी घरात माणूस पायजेच. म्हंजे हिची नाईटच." एकाच उत्तराला दोन बाजूंनी पोचणारा इतका पक्का हिशेब मी गणिताच्या मास्तरांकडंही पाहिलेला नाही.

लीलाबाईंनी डेअरीचा मुद्दा काढला. सकाळचं दूध वेळेत गेलं नाही तर डेअरीवाला घेत नाही आणि संध्याकाळी म्हैस संयोगिताशिवाय कुणाला पान्हा सोडत नाही. म्हशीचं मत अशा रीतीनं बैठकीत नोंदलं गेलं.

चहाचा ट्रे घेऊन आलेली संयोगिता म्हणाली, "आत्याबाई, नाईट करून आल्यावर मी झोपायची कवा?"

यावर सुभेदारांनी जे सांगितलं त्यानं बैठक संपली. "सूनबाई, आमी बॉर्डरवर नाईट ड्युटी केलीया. ज्याची नाईट, त्याला अक्खा दिवस मोकळा. दिवसभर आरामच आराम."

अख्खा दिवस मोकळा. या तीन शब्दांत नाईट ड्युटीचं सगळं शास्त्र आलं. (सुभेदारांना बॉर्डरवर म्हैस नव्हती, हा तपशील कुणी काढला नाही.) संयोगितानं प्रांजल मॅडमना निर्णय कळवला आणि मॅडमनी योजनेच्या यशाचा पहिला ईमेल वर पाठवला. त्यानुसार शंभर टक्के कर्मचारी आपापल्या ड्युटीवर समाधानी होते. जे नव्हते त्यांचा निर्णय झालेला नव्हता, त्यामुळं ते मोजणीत आले नाहीत.

सून दिवसा मोकळी असते ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. शिवाय ती दवाखान्यातली. त्यामुळं कुणी बीपी बघायला येऊ लागलं, कुणी डॉक्टरांची चिठ्ठी वाचून घ्यायला, तर कुणी नुसतंच, कारण बाकीची बायामाणसं रानात असतात आणि बोलायला दुसरं कोण. येणारा प्रत्येकजण उंबऱ्यातूनच विचारायचा, "मोकळीच हाईस न्हवं?" संयोगिता झोपायची, पण सुट्ट्या भागांत. एक तुकडा दूध घालून आल्यावर, एक जनावरांना वैरण टाकल्यावर, आणि सगळ्यात मोठा कराडला जाताना वडापमध्ये, दोन माणसांच्या मधे दाटीत बसून.

पुढं एका सकाळी, ड्युटी संपता संपता, तिनं मनुबाई नावाच्या म्हाताऱ्या पेशंटला बाजूच्या खुर्चीत बसवलं, बेडवर नवी चादर घातली, कोपरे खोचले आणि त्याच चादरीवर आडवी झाली. मुद्दाम नव्हे, वाकलेली ती सरळ झालीच नाही. मनुबाई तिच्या अंगावर आपलं पांघरूण घालून राऊंडला आलेल्या डॉक्टरांना म्हणाली, "हळू बोला. पोरगी निजलीया."

डॉक्टरांनी हलवलं तरी संयोगिता उठली नाही, तेव्हा त्यांनी तिला तपासलं. रक्त कमी, बीपी कमी, बाकी काही नाही. त्यांनी तिला तिथंच ॲडमिट करून घेतलं आणि औषध लिहिलं: संपूर्ण विश्रांती. म्हणजे मॅडमना जमलं नव्हतं ते अखेर जमलं. संयोगिताला मानवणारी ड्युटी सापडली होती, फक्त ती पेशंटची निघाली. दुपारपर्यंत ती सलग झोपली. मला तिच्यासाठी खरंच बरं वाटलं.

दुपारी भेटायची वेळ झाली आणि गाव आलं. एकूण तीन जीप. सुभेदार सगळ्यांत पुढं होते. त्यांनी तिचा खांदा हलवला. "सूनबाई, झोप लागती का?" शिवतेजनं विचारलं. त्याच्या मागच्यांनी विचारलं. लीलाबाईंनी विचारलं, डोळे पुसले आणि मग शेजारी बसून बाही वर केली. "आता दिवसभर मोकळीच हाईस, तर माझा जरा बीपी बघ."

संयोगितानं सलाईन नसलेल्या हातानं बीपी बघितला. मीही शहाळं घेऊन गेलो होतो. मीही विचारलं. न विचारता परत आलो असतो तर घरच्यांना काय तोंड दाखवणार.

तुम्ही त्या जीपमध्ये नव्हतात हे मला मान्य आहे. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला हे सगळं वाचून वाईट वाटलं आहे, आणि ते दुसऱ्यालाही वाटावं म्हणून तुम्ही ही गोष्ट आता मोबाईलवर पुढं पाठवाल. अगदी बरोबर माणसाला पाठवाल, तुमच्या ओळखीतल्या नाईट करणाऱ्या सिस्टरला. दुपारीच पाठवाल. आणि उत्तर आलं नाही तर फोन कराल, कारण त्या वेळी ती मोकळीच असते.