विहिरीचा श्वास

"वहिनी, उद्या परदेशी समिती माझ्यापुढे हात जोडून उभी राहते की नाही, बघाच तुम्ही!" पाणीशास्त्रज्ञ भावोजींनी टेबलावर मूठ आपटली आणि शेजारचा चहा सांडला.

चहा वहिनींचा होता. दीर-भावजय एकाच ग्रामविकास प्रकल्पात. भावोजी विहिरी मोजत, वहिनी माणसांशी बोलत. समितीने केव्हाच बजावलं होतं, निसर्गाचं नि समाजाचं संशोधन एकत्र करा, नाहीतर प्रकल्प बंद! म्हणजे दोघांच्याही नोकऱ्यांवर पाणी. मग एकत्र म्हणून दोघांनी काय केलं, तर टेबलं जोडली. एकमेकांचा कागद काही कुणी वाचला नाही.

पण भावोजींना घबाड सापडलं होतं! गावच्या विहिरीत त्यांनी यंत्र सोडलं होतं. सकाळी बायका पाणी भरत, ते ठीक. पण भर दुपारी पाणी हातभर खाली जायचं आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा वर! जवळ पंप नाही, नदी नाही. मग पाणी ओढतं कोण? भावोजींच्या अंगावर काटाच आला. स्वतः जाऊन बघावं, तर ती नेमकी त्यांची झोपेची वेळ. एकदाच वहिनींच्या कामासाठी दुपारी तिथे जावं लागलं, तर त्या दिवशी नेमकं पाणी हललंच नाही!

"धरती श्वास घेते!" दुसऱ्या दिवशी पडद्यावर आलेख दाखवताना त्यांचा आवाज कापत होता. खाली-वर, खाली-वर, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा! समिती भारावून गेली. एका सदस्याने तर चष्मा काढून डोळे पुसले.

अध्यक्षबाई मात्र उठून पडद्याजवळ गेल्या. "आणि रविवारी धरती श्वास घेत नाही?"

"अगं बाई!" वहिनी ताडकन उठल्या. "रविवारी माझी सुट्टी असते!"

"तुमच्या सुट्टीचा इथे काय संबंध?" भावोजी कावले.

"अहो भावोजी, दुपारी विहिरीवर मी बायकांची सभा घेते ना! येताना त्या बादल्या घेऊनच येतात. जितक्या बायका, तितकं पाणी खाली!"

भावोजी पार गार पडले. गेली नोकरी! पण अध्यक्षबाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. "माणसं आणि पाणी, एकाच रेषेत! हेच तर आम्ही मागत होतो!" प्रकल्प वाचला! भावोजीही त्या रेषेकडे डोळे विस्फारून बघू लागले. केवढं हे अद्भुत! गावात कुणाला किती ऐकावंसं वाटतं, ते विहिरीला कळतं!

"मग या शुक्रवारी काय झालं?" अध्यक्षबाईंचं बोट एका सपाट रेषेवर थांबलं. "दुपारी पाणी जरासुद्धा हललेलं नाही. सभा नव्हती?"

वहिनी खाली बघत म्हणाल्या, "होती की. मला ताप होता, म्हणून भावोजींनी घेतली."

"पण पाणी तर त्या दिवशीही लागलंच असेल?"

"हो. ते बायकांनी टेकडीपलीकडच्या विहिरीवरून आणलं."