तवा काय म्हणलास?

उदगीरच्या मोंढ्यात राजकारणावर बोलायचं असेल, तर आधी मान वळवून मन्मथप्पा दुकानात आहेत का ते बघायची रीत आहे. नसले तर माणूस मोकळा सुटतो. असले तर आवाज खाली येतो, आणि बरेचदा विषय सोयाबीनच्या भावावर जातो.

अप्पांचं दुकान रिकाम्या पोत्यांचं आणि सुतळीचं. गिऱ्हाईक हंगामापुरतं. उरलेलं वर्षभर ते पोत्यांच्या थप्पीला टेकून लोकांचं बोलणं ऐकतात. ऐकतात म्हणजे साठवतात. कोण केव्हा काय म्हणालं, कुठल्या सुरात म्हणालं, म्हणताना टेबलावर हात आपटला होता का, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. तुम्ही नवं काही बोललात की ते थप्पीवरून उठतात, धोतर सावरतात, रस्ता ओलांडतात आणि तुमच्यासमोर उभे राहून विचारतात, "तवा काय म्हणलास?"

मान्य करायलाही ते वेळ देत नाहीत. "म्हणला हुतास. हौद का इल्ला?"

अप्पांच्या घरात कानडी चालते. हौद म्हणजे हो आणि इल्ला म्हणजे नाही, एवढं कानडी मोंढ्यातल्या हमालापासून आडत्यापर्यंत सगळ्यांना त्यांच्यामुळेच आलं. तिसरं उत्तर अप्पा घेत नाहीत. "त्याचं असं आहे" म्हणून कोणी सुरुवात केली की ते कानावर हात ठेवतात.

माझं वह्या-पेनांचं दुकान अप्पांच्या समोरच्या चहाच्या हॉटेलाला अगदी लागून आहे, आणि घर अप्पांच्या गल्लीत, भिंतीला भिंत. त्यामुळे दिवसभर त्यांचं बोलणं ऐकायचं आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबरच घरी जायचं, असा माझा शिरस्ता होता. लोक विचारायचे, "दत्ता, तू कसा टिकतोस रे?" मी राजकारणावर बोलतच नाही, हे त्याचं साधं कारण.

या हॉटेलात बसण्याचीही एक रीत आहे. दोन बाकडी आहेत. एक पंख्याखाली, एक भट्टीजवळ. ज्यांचा पक्ष सरकारात, त्यांनी पंख्याखाली बसायचं. विरोधकांनी भट्टीपाशी. हे कोणी ठरवलं, कोणाला ठाऊक नाही. पण सरकार बदललं, की दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्हीकडची मंडळी निमूटपणे आपापले कप उचलून जागा बदलतात. एका बाकड्याचे पुढारी बाबाराव पाटील आणि दुसऱ्याचे शेषेराव गुरुजी. अप्पा कुठल्याच बाकड्यावर बसत नाहीत. ते मध्ये एक डबा उलटा घालून बसतात, आणि म्हणतात की माणसं जागा बदलतात तेवढं ठीक, पण जाताना आपलं बोलणं बाकड्यावरच विसरून जातात आणि पुढचा माणूस तेच उचलतो.

हे काही खोटं नव्हतं. उदगीर जिल्हा व्हावा, ही आमची जुनी मागणी. पाटील भट्टीपाशी असताना त्यांनी त्यासाठी धरणं धरलं, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. गुरुजी तेव्हा पंख्याखाली होते. ते म्हणायचे, "नवा जिल्हा म्हणजे खर्च असतो पाटील. अभ्यास चालू आहे." मग सरकार बदललं. पाटील पंख्याखाली आले आणि आठवड्याच्या आत म्हणाले, "अभ्यास चालू हाय." गुरुजींनी भट्टीपाशी बसल्याबसल्या धरण्याची तारीख जाहीर केली. त्या दिवशी अप्पांनी दोघांना शेजारी उभं केलं आणि आधी पाटलांच्या आवाजात गुरुजी, मग गुरुजींच्या आवाजात पाटील असं सगळं म्हणून दाखवलं. हॉटेलवाल्याच्या हातून दूध उतू गेलं. पाटील म्हणाले गुरुजी ढोंगी, गुरुजी म्हणाले पाटील ढोंगी, आणि अप्पा म्हणाले, "हितं मातर दोघांचंबी खरं हाय."

मग दुष्काळ आला.

आमच्याकडे दुष्काळ नवा नाही. पण त्या उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल हे विचारणंच लोकांनी सोडून दिलं होतं. गल्लीगल्लीतून घागरींच्या रांगा दिसत. टँकरवर मारामाऱ्या झाल्या, तेव्हा टँकरपाशी घोळका करायला बंदी आली. त्यानंतर ज्यांच्या बोअरला पाणी आहे, ती बोअर सरकार ताब्यात घेणार, असा हुकूम निघाला. याला आमच्याकडे अधिग्रहण म्हणतात. शब्द जड आहे, पण दुष्काळात तो शेंबड्या पोरालाही येतो.

हॉटेलात रण पेटलं. पाटील पंख्याखालून म्हणाले, "सरकारच्या हातात अधिकार नसतील, तर दुष्काळ हाटवायचा कसा? जनहित बघावं का एकेकाचा रुसवा?"

गुरुजी भट्टीपाशी उठून उभे राहिले. "ही हुकूमशाही आहे! लोकांच्या अंगणात शिरायचा सरकारला हक्क काय?"

अप्पा डब्यावरून उठले. मला हाक मारली. "दत्ता, हे जनहित कुणाचं रे?"

मी दुकानातूनच म्हणालो, "गुरुजींचं. मागच्या दुष्काळातलं."

"अन् हुकूमशाही?"

"पाटलांची."

"पाटील, त्यांचं त्यांला देऊन टाक. गुरुजी, तुमीबी. दुसऱ्याचं किती दिस वापरताव?"

पाटील चिडले. "मग तुझं काय म्हणणं हाय ते सांग की, मन्मथप्पा! नुसतं आमाला चिमटे काढायलास."

"माझं तवाबी तेच हुतं अन् आताबी तेच हाय. ज्याच्याकडं पाणी हाय त्यानं द्यावं. न्हाई दिलं, तर सरकारनं घ्यावं. सरकार कुणाचंबी असू दे."

आणि हे अगदी खरं होतं. मागच्या दुष्काळात, पाटील भट्टीपाशी असताना, अप्पा शब्दन् शब्द हेच बोलले होते. त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला. एवढ्या मोठ्या बाजारात एक माणूस तरी असा आहे, असं मी घरी बायकोला सांगितलं.

चार दिवसांनी नायब तहसीलदार आमच्या गल्लीत आले. तरुण होते, कोकणातले, नुकतेच बदलून आलेले. सोबत तलाठी, आणि मागे तमाशा बघायला दोन्ही बाकडी. कारण अप्पांच्या अंगणातल्या बोअरला पाणी आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

अप्पा दाराबाहेर उभे होते. दार त्यांनी मागे ओढून घेतलेलं.

"काका, बोअर चालू आहे का?" साहेबांनी विचारलं.

"हौद."

"हौद नाही, बोअर विचारतोय मी."

"हौद, हौद."

साहेब तलाठ्याकडे वळले. "दोन हौद लिहा. आणि बोअरचं पुन्हा विचारा."

तलाठ्याला हसू आवरेना. त्यानं साहेबांना बाजूला घेऊन कानडी समजावली. साहेबही हसले. ते मोठ्या मनाचे होते. "बरं तर मग. उद्यापासून बोअर ताब्यात घेतो. मोटारीचं बिल सरकार भरेल. गल्लीतल्या बायका अंगणात रांग लावतील, आमचा माणूस उभा राहील. तुमची हरकत नाही ना?"

"इल्ला," अप्पा म्हणाले.

"म्हणजे हरकत नाही?"

"इल्ला म्हंजे न्हाई. बोअर देणार न्हाई. अंगणात कुणी यायचं न्हाई."

मग पाटलांनी पुढे येऊन विचारलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, तो प्रश्न त्यांना अखेर मिळाला होता. "मन्मथप्पा, तवा काय म्हणलास?"

"म्हणलं हुतं," अप्पा म्हणाले. "आता बदललं."

आणि आत जाऊन त्यांनी कडी लावली.

त्या संध्याकाळी हॉटेलात पाटील आणि गुरुजी एकाच बाकड्यावर बसले. असं कधी झालं नव्हतं. दोघांचं एकमत होतं की मन्मथप्पा हा उदगीरचा सगळ्यात मोठा ढोंगी. लोक मुद्दाम पोत्यांच्या दुकानासमोरून जाताना मोठ्यानं "हौद का इल्ला" म्हणू लागले. अप्पा थप्पीला टेकून ऐकत राहिले. मला त्यांचा राग आला होता. आमच्याच घरी पाणी नव्हतं. बायको कळशी घेऊन स्टेशनपर्यंत जात होती आणि भिंतीपलीकडे पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भांडायलाच गेलो. दार लोटलेलं होतं. आत गेलो तर सोप्यात अप्पांच्या पत्नी महादेवीकाकू बसलेल्या. त्या बाहेर दिसेनाशा होऊन बरेच दिवस झाले होते. गुडघे धरलेत, असं अप्पा सांगायचे. या बाईंच्या हातची शेंगदाण्याची पोळी खात मी वाढलो. मी "काकू" म्हटलं, तशा त्या भिंतीला चिकटल्या. डोळे मोठे झाले. "हा कोण? हा कामून आला?"

अप्पा आतून धावत आले. "पाव्हणा हाय. जायलाय आता." त्यांनी काकूंचा हात धरला आणि थोपटत राहिले. काकू मला ओळखत नव्हत्या. अप्पांनाही त्या ओळखत होत्या का, कोण जाणे. पण अप्पांचा आवाज त्यांना ओळखीचा होता.

काकूंना झोपवून अप्पा बाहेर आले, ओट्यावर माझ्याशेजारी बसले.

"विजेचा मीटरवाला आला हुता," ते म्हणाले. "ही ज्वारीच्या कोठीमागं जाऊन बसली. सांजेपर्यंत निघंना. अन् तुमी अंगणात बायांची रांग लावताव."

"अप्पा, मग साहेबांना सांगायचं की असं. माणूस चांगला आहे. सूट देईल."

"साहेबाला सांगितलं की तलाठ्याला कळतंय. तलाठ्याला कळलं की हॉटेलात. मग दोन्ही बाकडी हिच्यावर बोलतेत." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "मला ढोंगी म्हणू दे रे. मी लोकाला लई म्हणलाव. हिला कुणी येडी म्हणलेलं मला चालणार न्हाई."

सबंध गावात आपल्या बोलण्याला जागणारा माणूस म्हणून त्यांची एकच इभ्रत होती, आणि ती त्यांनी दारात उभं राहून, सगळ्यांसमोर, निमूटपणे टाकून दिली होती.

"तरी पाणी?" मी शेवटी विचारलं.

"तेच बघायलाव," अप्पा म्हणाले आणि भिंतीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्यांनी स्वतः छिन्नी-हातोडा घेतला. काकू आत जेवत असताना थोडं, निजल्या असताना थोडं, असं करत गल्लीकडच्या भिंतीला भोक पाडलं, त्यातून पाइप काढला आणि बाहेर तोटी बसवली. सकाळी मोटार सुरू केली तेव्हा गल्लीत पाण्याची धार पडली. बायका घागरी घेऊन धावल्या. नायबसाहेब येऊन बघून गेले. पाणी लोकांना मिळतंय, मग मला आत जाऊन काय करायचंय, असं म्हणाले आणि पुढच्या गल्लीत गेले.

हॉटेलात याचाही निकाल लागला. पाटील म्हणाले, सरकारनं दम भरला म्हणून मन्मथप्पा वळणावर आला. गुरुजी म्हणाले, आम्ही विरोध केला म्हणून सरकार अंगणात शिरलं नाही. त्यावरून पुन्हा जुंपली आणि गुरुजी उठून आपल्या बाकड्यावर गेले. अप्पांना ढोंगी म्हणण्यावर मात्र दोघं ठाम राहिले. तो शिक्का काही पुसला गेला नाही. मी तोंड उघडलं नाही. अप्पांनी तशी शपथच घातली होती मला.

गच्चीवर ज्वारी वाळत घालायला मी सकाळी चढायचो, तेव्हा अप्पांचं अंगण खाली दिसायचं. भिंतीपलीकडे बायकांची गर्दी, घागरीत पडणारं पाणी, आणि अलीकडे बाजेवर महादेवीकाकू. मध्ये फक्त भिंत. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून त्या उठून बसल्या. दोघं कानडीत बोलत होते. मला जेवढं कळतं तेवढं सांगतो.

"हे काय वाजायलंय?" त्यांनी विचारलं. "कोण आलंय भाईर?"

अप्पा क्षणभर थांबले. लोकांचं खोटं पकडण्यात ज्यांचा जन्म गेला, ते थांबले.

"कोणी न्हाई," ते म्हणाले. "पाऊस पडायलाय."

काकूंचा चेहरा निवळला. मग एकदम काळजीत पडला. "आगं बाई, वाळत घातलेले कपडे भिजतेत की!"

अंगणात ऊन मी म्हणत होतं. अप्पा उठले. लगबगीनं दोरीपाशी गेले, कडकडीत वाळलेलं धोतर, लुगडं, पंचा एकेक करून काढला, सगळं छातीशी धरून डोकं वाकवून सोप्यात पळत आले. मोटार बंद झाली, की तेच कपडे पुन्हा बाहेर जाऊन दोरीवर घालायचे. उन्हाळाभर मी हे रोज पाहिलं.

"भिजले का?" काकूंनी विचारलं.

अप्पांनी लुगड्याचा पदर बोटांनी चाचपून पाहिला.

"जरासे," ते म्हणाले.