तीन मतांचा स्पीकर

जुन्या अँप्लिफायरचा स्पीकर बदलायचा, एवढं हेडक्लार्कसाहेबांनी सोमवारी सकाळी दात घासताना ठरवून टाकलं. तिथवर सगळं सोपं होतं.

त्याचं असं झालं, की मुलगी रविवारी कॉलेजच्या कार्यक्रमात गाणार होती आणि गिटार बाबांनी वाजवावी असं आपणहून म्हणाली होती. (आपणहून! एरवी ती आपणहून यायची ती फक्त चार्जर मागायला.) पण साहेबांचा तरुणपणीचा अँप्लिफायर तार छेडली रे छेडली की घरघरायला लागायचा. शनिवारपर्यंत तो सुधारला नाही तर वर्गातला एक गिटारवाला तयारच आहे, हेही तिनं सांगून ठेवलं होतं. साहेबांच्या ते फार जिवाला लागलं.

आता साहेब पडले ऑफिसचे माणूस. तिथे टाचणीसुद्धा तीन मतं मागवल्याशिवाय येत नाही. त्यांनी रीतसर फाइल उघडली. रेडिओ दुरुस्त करणारा म्हणाला, दहा इंची घ्या, बाकी सगळं थोतांड. मेहुण्यानं (तो एकेकाळी एका बँडची व्हॅन चालवायचा) पंधरा इंचांच्या खाली उतरू नका म्हणून बजावलं. राहिला दुकानदार. त्यानं इंच बाजूला ठेवून ओहम किती, असंच विचारलं. साहेबांचा चेहरा बघून त्याला दया आली असावी.

"सोपं आहे हो. आठ ओहमचे दोन स्पीकर शेजारीशेजारी जोडले, की चार होतात."

"आठ आणि आठ चार?"

"हो."

"आणि एकच लावला तर?"

"तर आठ."

बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या बेरजा तपासणारा माणूस तो. घरी येऊन त्यांनी ती बेरीज तीनदा करून पाहिली. तिन्ही वेळा सोळाच आले.

शुक्रवारी त्यांनी ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांचं मन राखत सरासरी काढली: साडेबारा इंच, सहा ओहम. असा स्पीकर अजून कुणी बनवलेला नाही, असं दुकानदारानं फोनवर नम्रपणे कळवलं. साहेब डोकं धरून बसले. उद्या शनिवार.

बायको शिलाई मशीनवरून उठली.

"अहो, पण जुना केवढा आहे?"

"ते फाइलमध्ये नाहीये."

"फाइलमध्ये कसं असेल? तो खोक्यात आहे."

तिनं प्लग काढला आणि मागची फळी खोलली. जुन्या स्पीकरच्या पाठीवर ठळक अक्षरांत छापलेलं होतं: बारा इंच, आठ ओहम. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि चौथं मत म्हणून फाइलला लावून घेतलं.

शनिवारी दुपारी नवा स्पीकर बसला. साहेबांनी अख्खं गाणं वाजवलं. घरघर नाही, खरखर नाही, एकेक सूर सुटा आणि लख्ख. मुलगी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली. साहेबांचा ऊर भरून आला.

"बाबा, स्पीकर मस्त आहे," ती म्हणाली. "आता तुमचं बोट कुठे कुठे चुकतं, ते सगळं ऐकू येतं."

साहेबांनी गिटार खाली ठेवली. तिनं जवळ येऊन त्यांच्या गळ्यात हात टाकले.

"पण तुम्ही उद्या यायचंच हं. त्या वर्गातल्या गिटारवाल्याला एकट्याला अँप्लिफायर उचलवणार नाही."