एकशे नव्वद अंशांचा त्रिकोण

सन दोन हजार तेवीस. त्या वर्षी पालघर तालुक्यात त्रिकोण दहा अंशांनी वाढला.

माहीमच्या मंदाबाईंनी जन्मभर गणित शिकवलं. त्यांच्या काळी पुस्तकातली चूक बाई फळ्यावर खडूने सुधारत आणि विषय तिथेच संपे. आता पुस्तक संगणकावर होतं, सर्वांसाठी खुलं. कोणीही दुरुस्ती सुचवावी, समितीतल्या दोघांनी 'मान्य' म्हणावं, की मजकूर बदलला. जुनी प्रतही जपलेली. समिती चौघांची: मंदाबाई, वीज प्रकल्पातून निवृत्त झालेले बोईसरचे दिनानाथराव आणि सालवडला क्लास चालवणारे प्रताप सर.

कोणी वाचतं तरी का, हे बघायला मंदाबाईंनी एका दुपारी त्रिकोणाच्या कोनांची बेरीज एकशे ऐंशीची एकशे नव्वद केली. चहाला उकळी फुटायच्या आत दोन्ही 'मान्य' आले. प्रताप सरांनी वर लिहिलं, "अप्रतिम बदल, ताई!"

मंदाबाई पोट धरून हसल्या. तेवढ्यात नात उत्कर्षा शाळेतून आली.

"आजी, सोमवारी याच पुस्तकावर परीक्षा हाय. नवी प्रत वाटली पण."

हसू जागीच थिजलं. बाईंनी बोईसरला फोन लावला.

"दिनानाथराव, ते चूक आहे. काढून टाका."

"काढू कसं, ताई? मंजूर मजकूर आहे. आणि स्वतःची दुरुस्ती स्वतःला मागे घेता येत नाही. हरकत नोंदवा."

"अहो, साधा त्रिकोण आहे तो!"

"म्हणूनच तिन्ही बाजू ऐकायला हव्यात."

चर्चा झडली. प्रताप सरांनी वेगळी प्रत काढून, दोघांचाही मान राखत, एकशे पंच्याऐंशी केले. दिनानाथरावांनी ती मूळ पुस्तकात विलीन केली. मंदाबाईंनी कोनमापक लावलेल्या त्रिकोणाचा फोटो पाठवला. दिनानाथरावांचं उत्तर आलं, "हा एक त्रिकोण झाला, ताई. बाकीच्यांचं मत काय?"

सोमवारी परीक्षेत उत्कर्षाने आजीचं ऐकून एकशे ऐंशी लिहिलं. शून्य मिळालं. शेजारी शेरा: 'जुनी प्रत.'

पुढे फेरपरीक्षेत एकशे पंच्याऐंशी लिहून उत्कर्षा पहिली आली. गणिताचं आजीला विचारणं तिने सोडलं. प्रताप सरांच्या क्लासबाहेर पाटी लागली: 'इथे पाच अंश जास्त.' दिनानाथराव सध्या वर्तुळ हाती घेऊन बसलेत. सर्वांत लवकर मान्य झालेल्या दुरुस्तीबद्दल मंदाबाईंना शाल-श्रीफळ मिळालं.

आणि चौथा सदस्य? समिती चौघांची असं म्हणून नावं तिघांचीच सांगितली, तेव्हा तुम्ही मान डोलावून पुढे वाचत गेलात. ती जागा तुम्हालाच दिली आहे.