नाना उठले की

खुर्च्या कमी आणि माणसे जास्त झाली की समाजात विचार सुरू होतो. ज्या कार्यालयाची ही हकिकत आहे तिथल्या तळमजल्यावरच्या कँटीनमध्ये खुर्च्या चाळीस आणि जेवणारे शंभरावर, त्यामुळे तिथे विचार फार होत असे.

एक वाजता गर्दी होते हे लक्षात येताच हुशार मंडळी साडेबाराला जाऊ लागली. मंडळी सगळीच हुशार (भरतीच तशी झाली होती), त्यामुळे साडेबाराला चेंगराचेंगरी आणि एक वाजता कँटीन ओस. मग प्रशासनाने भोजनकाल नियोजन समिती नेमली. आज कोणत्या वेळी किती खुर्च्या रिकाम्या राहिल्या, हे समिती रोज संध्याकाळी फलकावर लावी आणि दुसऱ्या दिवशी झाडून सगळे नेमके त्याच वेळी हजर होत. समितीची माहिती शंभर टक्के अचूक होती. फक्त ती कालची होती.

या धामधुमीत आवक-जावक विभागाच्या नानांना मात्र रोज खुर्ची मिळे. नानांना मधुमेह. गोळी घेतल्यावर वेळेत पोटात काही गेले नाही तर हातपाय थरथरत आणि डोळ्यांपुढे अंधारी येई. टेबलावर डबा काय, बिस्किटही उघडायला मनाई होती (मुंग्यांमुळे). म्हणून त्यांची पद्धत अशी, की भूक लागली की उठायचे. फलक ते वाचत नसत.

लेखा विभागातल्या बाईंनी हे हेरले. "नाना काहीतरी बघून उठतात," त्या म्हणाल्या. "उगाच नाही माणूस रोज बरोबर वेळ साधत."

दुसऱ्या दिवशी नाना उठले तेव्हा बाई उठल्या. तिसऱ्या दिवशी अख्खा लेखा विभाग उठला. आठवडाभरात अशी वेळ आली, की नानांनी चष्मा काढला तरी वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकत. नानांचे गुडघे जिना उतरेपर्यंत बाकीच्यांची ताटे वाढून झालेली असत. "या नाना, अंदाज अगदी बरोबर हं तुमचा," असे भरल्या तोंडाने कौतुकही होई.

"अहो, मी काही बघत नाही. मला भूक लागते," नाना काकुळतीला येऊन सांगत. यावर जाणकारांचे मत पडले, की इतकी चांगली युक्ती कोण फुकट सांगेल?

कार्यालयात स्वतंत्र विचारांचा एक गटही होता. नाना उठले की हे मुद्दाम उठत नसत. त्यासाठी त्यांनाही दिवसभर नानांकडेच बघावे लागे.

"लोकांचं राहू दे हो," बायको घरी म्हणाली. "तुम्ही उपाशी राहू नका. मला भीती वाटते."

"मलाही वाटते," नाना म्हणाले.

शेवटी त्यांनी ठरवले, की आधी सगळ्यांना जेवू द्यावे आणि मग आपण जावे. ते बसून राहिले. म्हणून सगळेच बसून राहिले. खाली चाळीसच्या चाळीस खुर्च्या रिकाम्या, भात निवत चाललेला, आणि वर शंभर माणसे पोटात कावळे ओरडत असताना एका माणसाच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. दोन वाजून गेल्यावर नाना कसेबसे उठले, भिंतीला धरून बाहेर आले आणि व्हरांड्यात कोसळले.

मागून आलेला जथा जागच्या जागी थांबला.

"नाना आडवे झालेत," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "म्हणजे काहीतरी असणार."

लेखा विभागातले दोघे रुमाल अंथरून नानांच्या शेजारी आडवे झाले. स्वतंत्र विचारांचा गट ठामपणे उभा राहिला.

आज एकही गिऱ्हाईक कसे नाही, हे बघायला कँटीनच्या मावशी वर आल्या म्हणून बरे. त्यांनी नानांना एकदा बघितले आणि धावत जाऊन साखरेचे पाणी आणले. चार घोट पोटात गेल्यावर नानांनी डोळे उघडले. मावशी रिकामा पेला घेऊन उठल्या, तो मागे रांग लागलेली.

पुढे रीतसर चौकशी झाली. माणूस पडल्यावर तुम्ही काय केलेत, असा प्रश्न होता. आपण धावत जाऊन पाणी आणणारच होतो, असे सर्वांनी लेखी दिले. आधी कोण धावतो, एवढेच ते बघत होते. हे वाचताना तुम्हाला हसू आले असेल. आपण तिथे असतो तर सरळ धावलो असतो, असेही तुम्हाला वाटत असेल. हरकत नाही. त्या जबाबाखाली अजून एका सहीपुरती जागा शिल्लक आहे.